हद्दवाढ भागात राहायला आलात? आजूबाजूचं खाणं कसं शोधायचं, अगदी घर बघण्यापासून

सोलापूरची हद्दवाढ झाली १९९२ ला. बाळे, केगाव, शेळगी, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे अशी आजूबाजूची गावं महापालिकेत आली आणि तेव्हापासून या सगळ्या पट्ट्याला लोक हद्दवाढ भागच म्हणतात. आता तर जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोड धरला तर ज्याला त्याला तिकडंच घर बांधायचंय किंवा फ्लॅट घ्यायचाय. जागा मोकळी मिळते, पार्किंगला भांडावं लागत नाही. पण नवी पेठ, टिळक चौक, साखर पेठ असल्या भागात जन्म काढलेला माणूस इकडं आला की आठवड्यात एकच वाक्य सुरू होतं, "इकडं खायला काय मिळतंय ओ, सगळं गावात."

हे खरं नाही आणि मला ते मनापासून पटत नाही. इकडं खाणं भरपूर आहे, फक्त ते बोर्डावर नाही. जुन्या गावात, म्हणजे मूळ शहरात, एकेक दुकान पिढ्यानपिढ्या एकाच जागी उभं आहे, त्यामुळं पत्ता सगळ्यांना तोंडपाठ. हद्दवाढ भागात माणसं चारी बाजूनी येऊन राहिली, कोण अक्कलकोटकडून, कोण मंगळवेढ्याकडून, कोण विजापूर साईडनं, कोण पूर्व भागातून, आणि प्रत्येकानं आपल्या घरचं खाणं सोबत आणलं. त्यामुळं इथं हॉटेल शोधायचं नाही, आधी माणसं ओळखायची, खाणं त्यांच्या मागं मागं आपोआप सापडतंय. ते कसं करायचं ते खाली क्रमानं लिहितो.

१. घर बघायला जाताना तीन वेळा जा

एजंट तुम्हाला दुपारी अकरा-बाराला नेणार, तेव्हा सगळाच भाग शांत आणि छान दिसतो. तुम्ही तुमचं तुम्ही परत जा. एकदा सकाळी सातला, एकदा संध्याकाळी सातला आणि एकदा रात्री साडेनऊ-दहाला. सकाळी बघायचं की इडलीचा गाडा, पोह्याचा गाडा, चहाची टपरी चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, दुधाच्या पिशव्या कुठं उतरतात. रात्री बघायचं की मेन रोडपासून तुमच्या गल्लीपर्यंत दिवे आहेत का आणि कुत्री किती आहेत, कारण रात्री नऊला पार्सल आणायला तुम्हीच चालत जाणार आहात, हे भाडं ठरवताना कुणाच्या डोक्यात नसतं.

पाण्याचं तर विचाराच. सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि हद्दवाढ भागात कुठं कधी येतं ते गल्लीगणिक वेगळं. घरासाठी विचारालच, पण खाण्यासाठी पण तेवढंच महत्त्वाचं आहे. जवळचा गाडा पाणी कुठून भरतो, बोअरचं का नळाचं का जारचं, भांडी बादलीत बुडवून काढतो का वाहत्या पाण्यात धुतो, हे पाणी न आलेल्या दिवशी जाऊन बघितलं की लगेच कळतं. पाणी आलेल्या दिवशी सगळेच स्वच्छ असतात.

२. पहिला आठवडा: डबा लावा, गॅस लागायची वाट बघू नका

सामान हलवलं की चार-पाच दिवस स्वयंपाकघर काही लागत नाही. तेव्हा रोज बाहेरचं मागवत बसण्यापेक्षा आल्या दिवशीच पोळी-भाकरी केंद्र शोधा. जवळपास प्रत्येक मोठ्या नगरात एखाद्या घरातून मावशी भाकऱ्या करून देतात, काही ठिकाणी बाहेर छोटी पाटी असते, बऱ्याच ठिकाणी ती पण नसते. ज्वारीची का बाजरीची, किती, किती वाजता, हे आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. सोलापूरची ज्वारी म्हणजे मालदांडी, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्या पिठाची गरम भाकरी आणि सोबत शेंगाची चटणी, दही, कांदा एवढ्यावर आठवडा मजेत निघतो.

घरात एक पाकीट कडक भाकरीचं ठेवाच. बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो, ही पातळ लाटल्यासारखी थापून, भाजून पूर्ण वाळवलेली भाकरी असते, वरून तीळ लावतात, ओल लागू दिली नाही तर कित्येक दिवस टिकते. नुसती पापडासारखी मोडून चटणीबरोबर खायची किंवा आमटीत चुरायची. मुव्हिंगच्या धावपळीत याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

आणि चटणी घेताना थोडं बघून घ्या. शेंगाची चटणी उखळात कुटलेली असली की शेंगदाण्याचं स्वतःचं तेल सुटतं, बोटात दाबली की गोळा होतो. मिक्सरमधली भुगा भुगा राहते आणि वरून तेल घातलेलं असलं तर तळाला साचतं. चव घेऊन बघितल्याशिवाय किलोभर घेऊ नका, आधी पावशेर घ्या.

३. कुणाला विचारायचं आणि काय विचारायचं

इथं बहुतेकांचं चुकतं असं दिसतं, कारण लोक विचारतात "इथं चांगलं हॉटेल कुठंय?" या प्रश्नाला समोरचा माणूस तुमचे कपडे बघून मेन रोडवरचं एसी फॅमिली रेस्टॉरंट सांगतो. तो खोटं बोलत नाही, त्याला वाटतं तुम्हाला तेच पाहिजे.

त्यापेक्षा असं विचारा:

"काका, रविवारी मटण तुम्ही कुठून आणता?"

"घरी अचानक पाहुणे आले तर नाष्टा कुठनं मागवता?"

"रात्री कामावरनं उशीर झाला तर कुठं जेवता?"

ह्या प्रश्नांना लोक स्वतःचं खरं उत्तर देतात. आणि विचारायचं कुणाला, तर ज्यांचं काम गल्लोगल्ली फिरायचं आहे त्यांना. पाणी सोडणारा चावीवाला, याला भागातलं प्रत्येक घर माहीत असतं. आसरा चौकात नाहीतर सैफुलला उभे असणारे रिक्षावाले. तुमच्या शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू असेल तर गवंडीमामा आणि फरशीवाले, कारण हे लोक दुपारचं रोज बाहेर जेवतात, पैसे स्वतःच्या खिशातले असतात आणि पोट भरलं नाही तर संध्याकाळपर्यंत काम होत नाही. त्यांनी सांगितलेली जागा पोटभरीची निघतेच. किराणा दुकानदाराला विचारा की इथं बेसन आणि शेंगदाणे पोत्यानं कोण नेतंय. तेल कुठलं नेतात ते पण तो सांगेल, जरा ओळख झाली की.

बोलताना ते काय भाषेत बोलतात तिकडं लक्ष द्या. सोलापुरात एकाच गाड्यावर मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी चारही चालतात. गाडेवाल्याला अण्णा म्हणायचं का चाचा, का मामा, ते दोन मिनिटं उभं राहून ऐकलं की समजतंय. नुसतं "ओ, एक प्लेट द्या" म्हणणाऱ्यापेक्षा "अण्णा, गरम घाणा कधी निघतोय?" म्हणणाऱ्याला पहिला घाणा मिळतो.

४. तुमचा भाग कुठला, त्यावरनं काय शोधायचं ते ठरतं

हा भाग सगळ्यात जास्त कामाचा आहे म्हणून जरा सावकाश लिहितो.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, विडी घरकुल, कुंभारीकडं राहायला गेला असाल तर तुम्ही पूर्व भागाच्या विस्तारात आहात. टॉवेल-चादरीचे कारखाने, यंत्रमाग, विड्या वळणाऱ्या महिला, आणि यातले बरेच जण तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली घरातले. कुंभारीत २००६ ला विडी कामगार महिलांच्या १० हजार घरांची वसाहत झाली, नंतर तिथंच रे नगरचा ३० हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या १५ हजार घरांचा लोकार्पण सोहळा जानेवारी २०२४ मध्ये झाला. एवढी माणसं एकदम राहायला आली की खाणं तयार होणारच. इथं पहाटे लवकर, पाळी सुटायच्या आणि लागायच्या वेळेला इडली-वड्याचे गाडे बघा. इडली मऊ, चटणी पातळ आणि तिखट, सांबार मागाल तेवढं. पदार्थ स्वस्त असतात कारण गिऱ्हाईक कामगार आहे, पण त्याच कारणानं चवीत फसवता येत नाही, रोजचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाड्यावर जातं. शेजाऱ्यांशी ओळख झाली तर सर्वपिंडी कधी करणार ते विचारून ठेवा, तांदळाच्या पिठात शेंगदाणे, तीळ, मिरची घालून पातेल्यात थापून भाजतात, हॉटेलात सहसा मिळत नाही. संक्रांतीला सकिनालु, म्हणजे तांदळाच्या पिठाची तळलेली कडी. अंबाडीला इकडं पुंडी म्हणतात, तिची भाजी कुणी वाटीभर दिली तर नाही म्हणू नका.

विजापूर रोड, सैफुल, सोरेगाव, तिथनं पुढं, हा कर्नाटकाकडं जाणारा हायवे. ट्रक, एसटी, एसआरपी म्हणजे राज्य राखीव पोलिसांचा कॅम्प, त्यामुळं धाबे आणि खानावळी. लिंगायत घरगुती जेवण देणाऱ्या शाकाहारी खानावळी इकडं नीट शोधा. भरलं वांगं, शेंगाची आमटी, झुणका, गरगट्टा म्हणजे पालेभाजी आणि डाळ घोटून केलेला, ज्वारीची भाकरी, कधी गव्हाची हुग्गी म्हणजे खीर. ताटात सगळ्यात शेवटी भात येतो आणि तोपर्यंत पोट भरलेलं असतं. धाब्यावर जायचं असेल तर जिथं ट्रकवाले रात्री नऊनंतर थांबतात तिथं, आणि कुटुंबाबरोबर असाल तर आधी एकदा एकट्यानं जाऊन बघा की वातावरण कसं आहे, दारूची बैठक चालती का.

नई जिंदगी, मजरेवाडीच्या बाजूला घर असेल तर बिर्याणी, खिमा, शीक कबाबचे गाडे. संध्याकाळी कोळशाचा धूर दिसला की तिकडं वळायचं. शीक गरमच खायचं, पार्सल करून घरी नेलं की त्याची मजा निम्मी होते.

जुळे सोलापूर हा सगळ्यांचा मिळून झालेला भाग, नोकरदार, शिक्षक, बँकवाले, क्लासेसची पोरं. इथं कॅफे, डोसा सेंटर, पावभाजी, चायनीज, मोमो सगळं मिळतं आणि रोज नवीन काहीतरी उघडतं. पण नवीन उघडलेल्यातलं बरंचसं टिकत नाही. त्यामुळं इथं उद्घाटनाच्या ऑफरवर जाऊ नका, तीन-चार महिने थांबा. जे टिकलं ते बघा.

बाळे, केगाव म्हणजे पुणे रोड. विद्यापीठ तिकडंच, त्यामुळं मेस आणि पोटभरीचा नाष्टा. मेसवाल्याला विचारलं तर रविवारचं स्पेशल ताट बाहेरच्यांना पण देतात बऱ्याच ठिकाणी. परीक्षा संपून सुट्ट्या लागल्या की मात्र निम्म्या मेस बंद, हे लक्षात ठेवा.

५. दिवसाचं घड्याळ समजून घ्या

सकाळी सात ते साडेनऊ इडली, वडा, पोहे, उपीट, सुशीला. सुशीला म्हणजे चुरमुऱ्याचं, भिजवून फोडणी दिलेलं, वर डाळं-दाण्याचं कूट. दहानंतर गेलात तर तळाचं मिळतं. दुपारी बारा ते अडीच खानावळ. तीन ते पाच सगळं झोपतं, सोलापूरच्या उन्हात झोपलंच पाहिजे, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढं जातो तेव्हा गाडेवाला उभाच राहू शकत नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर भजी, वडे, भेळ, आणि उन्हाळ्यात तर खरी गर्दी रात्री आठनंतर. पहिल्या महिन्यात वेळ चुकते आणि मग लोक म्हणतात इथं काही मिळत नाही. मिळत होतं, तुम्ही चार वाजता गेला होता.

वाराचं पण बघा. श्रावणात सोमवारी आणि एरवी गुरुवारी-शनिवारी बऱ्याच नॉनव्हेज खानावळी थंड असतात, ताजं मटण रविवारी आणि बुधवारी. मटण कुठल्या दिवशी ताजं कापतात ते दुकानदाराला सरळ विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

६. नवीन जागा तपासायची कशी

पहिल्यांदा गेलात की एकच, साधा पदार्थ घ्या. डोसा सेंटरला साधा डोसा, मसाला चीज वगैरे नाही. खानावळीत साधं ताट. मटण हॉटेलात आधी नुसता रस्सा वाटीभर मागून बघा. सोलापुरी काळ्या मसाल्याचा रस्सा तिखट असतो, पण तिखटाच्या खाली भाजलेल्या खोबऱ्याची आणि मसाल्याची चव लागली पाहिजे. नुसता जाळ लागत असला तर मिरची पावडर वाढवून काम भागवलंय. अळणी रस्सा मिळत असला तर तो आधी प्या, त्यात लपवायला काही नसतं, मटण ताजं आहे का ते तिथंच कळतं.

भजी-वड्याच्या कढईत बघा. तेल काळंकुट्ट, वर फेस आणि मंद आचेवर पण धूर, म्हणजे ते तेल बऱ्याच वेळा तापलंय. परत परत तापवलेल्या तेलावर कायद्यानं मर्यादा आहे, त्यातली खराब घटकद्रव्यं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरता येत नाही, पण गाड्यावर मोजायला कोण येणार, म्हणून आपणच डोळ्यानं बघायचं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर गाड्यावर किंवा भिंतीवर लावलेला असला तर चांगलंच. त्याचा फोटो काढून ठेवा, तो नंबर अन्न विभागाच्या साईटवर टाकला की खरा आहे का ते दिसतं.

घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर मात्र कृपा करून हलक्यात घेऊ नका. सोलापुरात शेंगदाण्याचा कूट कुठं नसतो ते सांगणं अवघड आहे, रस्सा घट्ट करायला कूट, भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, तळायला पण काही ठिकाणी शेंगतेल. "कूट घालू नका" एवढं म्हणून भागत नाही, कारण वाटण आधीच करून ठेवलेलं असतं. दर वेळी, दर पदार्थाला वेगळं विचारा आणि शंका आली तर खाऊ नका.

७. ॲप वापरा, पण त्याच्या भरवशावर राहू नका

झोमॅटो, स्विगी सोलापुरात आहे पण हद्दवाढ भागाच्या टोकाला गेलात की यादी छोटी होते आणि वर सांगितलेल्यातलं निम्मं त्यावर नसतंच. ऑर्डर करताना पिन नीट घराच्या दारावर लावा आणि पत्त्यात जवळची ठळक खूण लिहा, पाण्याची टाकी, मंगल कार्यालय, मारुतीचं मंदिर. एकाच नावाची दोन-तीन नगरं असतात, डिलिव्हरीवाला पोरगा उन्हात फिरत बसतो. आणि जवळचं हॉटेल असेल तर फोन करून सांगा आणि स्वतः जाऊन आणा, काउंटरचा रेट बऱ्याचदा कमी असतो आणि सगळे पैसे त्या माणसाला मिळतात. जाताना आपला स्टीलचा डबा न्या. गरम रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणायचा नाही, एवढं तरी पाळा.

८. महिन्यातनं एकदा गावात जाच

इकडं खाणं आहे म्हणून गाव सोडायचं असं नाही. पार्क चौकाच्या बाजूला संध्याकाळची भेळ-चाट, भाग्यश्रीचा वडापाव, सुप्रजाची पावभाजी, रमजानमध्ये विजापूर वेशीत रात्रीचं फिरणं, हे हद्दवाढ भागात कुठून येणार. जाताना लक्ष्मी मार्केटमधनं भाजी घ्या. गाडी लांब लावून चालत फिरा, नवी पेठेत गाडी घालून काही मिळत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते तेव्हा रस्ते बंद असतात, त्या दिवसांत रिक्षानंच जा.

९. हिवाळा वाया घालवू नका

हद्दवाढ भागात राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच की दहा-पंधरा मिनिटांत शेत लागतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हुरडा. शेतात आगटी पेटवून गोवऱ्यांवर कणसं भाजतात आणि तिथंच हातावर चोळून गरम गरम देतात, सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही, बोरं. गूळभेंडीचा हुरडा मिळाला तर तोच घ्या, दाणा गोड आणि कोवळा. मोठ्या कृषी पर्यटनवाल्यांकडं झोके, बैलगाडी सगळं असतं, पोरांना आवडतं, पण शेजारपाजारी कुणाचं शेत असेल आणि त्यांनी "या की हुरडा खायला" म्हटलं तर ते आधी. सकाळी लवकर जा. दुपारपर्यंत उन्हानं कंटाळा येतो आणि हुरडा पोटाला जड असल्यामुळं त्यावर ताक पिऊन पडावंसं वाटतं. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, गावातली थोडी मिठाई, पोरांना काहीतरी. भोगीला बाजरीची भाकरी आणि भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्या-शेंगा मिळून केलेली मिसळभाजी, ही तर घरोघरी असते, नवीन राहायला आलेल्या शेजाऱ्याकडं ताट पाठवायची पद्धत अजून आहे. ताट परत करताना रिकामं देत नाहीत, साखर तरी घालून द्यायची.

१०. आवडलं तर सांगा, बिघडलं तरी सांगा

लहान गाडेवाला, घरातून भाकरी देणाऱ्या मावशी, यांचं जाहिरातीचं बजेट शून्य. तुम्हाला आवडलं तर मॅपवर त्यांची जागा टाका, विचारून फोटो टाका, वेळ आणि सुट्टीचा वार नक्की लिहा. "सुपर टेस्ट, मस्ट ट्राय" असलं लिहून कुणाचाच फायदा नाही. काय घ्यावं, कधी जावं, किती तिखट, बसायला जागा आहे का, बायकांना एकटीनं जाण्यासारखं आहे का, हे लिहा. घरातून काम करणाऱ्या मावशींचा फोन नंबर आणि घराचा पत्ता मात्र त्यांना विचारल्याशिवाय कुठंही टाकू नका.

आणि एखाद्या दिवशी मीठ जास्त झालं, इडली आंबली, तर आधी त्यांना तोंडावर पण नीट शब्दांत सांगा, "अण्णा, आज पीठ जरा जास्त आंबलंय बघा." उन्हाळ्यात पीठ लवकर आंबतं, त्यांना कळत पण नाही कारण ते स्वतः पहाटे तीनपासून उभे असतात. बहुतेक जण बदलून देतात. तीनदा सांगून पण तेच चाललं असेल तर मग ती जागा सोडा आणि चावीवाल्याला दुसरी विचारा.